वीसपैकी अठरा

११ मार्च

ती. बाबांना नमस्कार. वि. वि. हे पत्र मुद्दाम घरी न पाठवता तुमच्या कोल्ड स्टोरेजच्या पत्त्यावर पाठवते आहे. जे घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. शिफ्ट सुपरवायझरची तोंडी परीक्षा इंग्रजीत होईल, नापास झाला तो मदतनीस, असं नव्या मालकांनी जाहीर केलं. तारीख २८ मार्च.

२. मी तुम्हाला ‘गेट’ या क्रियापदाचा तक्ता करून पाठवला, कारण तुमचा निम्मा रिपोर्ट त्या एका शब्दावर भागतो. डावा रकाना : पुढे विशेषण आलं की अवस्था बदलते. हॉट, वेट, ओल्ड, टायर्ड. उजवा रकाना : पुढे नाम आलं की काहीतरी मिळतं. लेटर, परमिशन, चान्स.

३. दर आठवड्याला तुम्ही ‘गेट’ची वीस इंग्रजी वाक्यं लिहायची, मी लाल शाईनं तपासून परत पाठवायची, असं ठरलं. परत पाठवण्याआधी मी झेरॉक्स ठेवते.

४. चार कागद आले. गुण अकरा, चौदा, सोळा, अठरा.

५. काल चारही प्रती फायलीत लावल्या. पहिल्या कागदावर आई दमते. दुसऱ्यावर आई जिन्यात दमते. तिसऱ्यावर नुसती ओट्याशी उभी राहून दमते आणि पांढरी पडते. चौथ्यावर मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळते आणि आई चिडते.

६. या प्रत्येक वाक्यापुढे मी बरोबरची खूण केली आहे. चौथ्या कागदाखाली ‘छान प्रगती’ असं लिहिलं आहे.

प्रयोगशाळेत मी दिवसभर थर्मामीटर तपासते. एकाच उपकरणाची चार वाचनं ओळीनं लावली की ते कुठल्या बाजूला सरकतंय ते दिसतं. त्यासाठीच मला पगार मिळतो. ही वाचनं मी ओळीनं लावली नाहीत. कंप्रेसर तापतो, पाइप ओला होतो, आई दमते. मला तिन्ही सारखीच सरावाची वाक्यं वाटली.

आईला नेमकं काय झालंय? फोनवर का सांगितलं नाहीत? सरळ लिहा.

तुमची,
लेक


१४ मार्च

चि. तपासनीस बाईंना माझे आशीर्वाद. मशीनरूममध्ये पालथ्या क्रेटवर बसून लिहितोय, अक्षर थरथरतंय ते कंप्रेसरमुळे. म्हातारपणाचे गुण कापू नकोस.

फोनवर कसं सांगणार? फोन तुझ्या आईच्या उशाशी. पत्रात लिहावं तर माझं प्रत्येक पत्र ती आधी वाचते, मग तिकीट लावते. तिला येत नाही ते एक इंग्रजीच, म्हणून त्या वाटेनं पाठवत होतो. तुझ्या लक्षात येईल असं वाटलं. पण तुला मी वाक्यं तपासायला दिली, तू वाक्यं तपासलीस. यात तुझी चूक कुठली काढू?

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रक्त निम्म्यावर आलंय, का ते मोठ्या हॉस्पिटलात शोधावं लागेल. पहिली तारीख हिनं घालवली. आता २६ आहे. परीक्षा २८ला. आधी तुमची खुर्ची टिकू द्या, मग माझं बघू, म्हणते. मी म्हटलं, मसणात गेली परीक्षा, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पोळ्या मात्र करत होती, दर दोन पोळ्यांनंतर स्टुलावर बसून.

दमलोय गं. एकतीस वर्षं हे मशीन माझ्याशी मराठीत बोलतंय, आता साहेबासाठी त्याचं भाषांतर करायचं. दिवसा तिची काळजी, संध्याकाळी तुझे दोन रकाने. मला काय करावं ते सुचत नाही. तुला सुचलं तर कळव.

मी सांगितल्याचं आईला कळू देऊ नकोस.

तुझा,
बाबा


१७ मार्च

चि. पोरीला पोटभर आशीर्वाद. यांचा युनिफॉर्म धुवायला काढला तर खिशात तुझं पत्र. वाचलं. इतरांची पत्रं वाचू नयेत हे मला ठाऊक आहे, ते तू सांगू नकोस.

मला इंग्रजी येत नाही हे तुम्ही बापलेकीनं परस्पर ठरवून टाकलंत. दीड महिना हा माणूस माझ्या ओट्यापाशी येरझाऱ्या घालत घोकतोय. मदर गेट्स टायर्ड, मदर गेट्स टायर्ड. भिंतीला पाठ झालं असतं, मला नाही व्हायचं? त्या पाकिटांना तिकिटं मीच लावली. म्हटलं, आपल्याला सांगायला जड जातंय, तर जाऊ दे परभारे. मग तुझ्या फोनची वाट पाहत बसले. आली ती ‘छान प्रगती’. रागावले नाही. लागलं थोडं, एवढंच.

आता खरं लिहिते, यांना सांगू नकोस. परीक्षा हे माझं निमित्त आहे. तिथे आत नेऊन काय काय शोधतील आणि काय सापडेल, याची मला भीती वाटते. शिवाय हे बरोबर आले तर तिथल्या बाकड्यावर बसून सगळं पाठांतर विसरतील.

तुझा तक्ता फ्रिजवर लावलाय. डावीकडे सगळं तापणं, भिजणं, दमणं, म्हातारं होणं. बरं होणं कुठे लिहिलेलं दिसलं नाही. त्या भाषेत ते नसतं की तू विसरलीस?

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई


१९ मार्च

ती. आईला नमस्कार. वि. वि. तुझं पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं, पेन हातात न घेता.

माझी रजा मंजूर झाली आहे, २५ ते २९. पंचवीसला संध्याकाळी पोचते. सव्वीसला हॉस्पिटलात मी तुझ्याबरोबर येईन. बाबा कामावर जातील. आत न्यायच्या दारापर्यंत मला येऊ देतात का, हे मी तिथे फोन करून विचारलं. देतात. काय काय तपासतात तेही विचारून घेतलं आहे. तुला ऐकायचं असेल तर सांगेन, नसेल तर नाही. काय सापडेल ते मला माहीत नाही. भीती मलाही वाटते. हे मी कुणाला लिहिलेलं नाही.

जे मी चार आठवड्यांपूर्वी विचारायला हवं होतं, ते आता विचारते. जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबावं लागतं? रात्री झोप लागते का? जेवण किती जातं? मोठी वाक्यं नकोत. जसं असेल तसं लिही, मी काही तपासणार नाही.

बरं होणं त्या भाषेत असतं. मी विसरले. डाव्या रकान्यात, टायर्डच्या खाली ‘वेल’ वाढवून नवा तक्ता सोबत पाठवते आहे. जुना काढून हा फ्रिजवर लाव. बाबांना आता हीच ओळ घोकायला सांग, तुला ओट्याशी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बाकीचं त्यांना येतं. अठरा गुण मी उगाच दिले नव्हते.

एकच गोष्ट तुझ्या हातानं लिहून हवी आहे : सव्वीसला तू येणार आहेस की नाही. उत्तर चोवीस तारखेपर्यंत मला मिळेल असं पाठव.

तुझी,
लेक