माकड आणि अप्पाचा लॅपटॉप

पुट्टी बाळा,

तुझा विश्वास बसणार नाही, पण आज चामुंडी टेकडीवरचं एक माकड खिडकीतून आत आलं आणि तुझ्या अप्पाच्या जुन्या लॅपटॉपवर पाणी सांडून पळालं. तेव्हापासून तो सुरूच होत नाही. चार्जर बदलला, बॅटरी काढून पुन्हा घातली, बटण मिनिटभर दाबून धरलं, पण साधा दिवाही लागत नाही. तुझा अप्पा, माझा लेक, गेल्यावर त्याचा आवाज तेवढा त्यातच उरला होता. दुरुस्तीवाल्याकडे निघालोय. तू जेवून घे.

माकड चांगलं माझ्या कमरेएवढं होतं.

तुझी अज्जी मागे उभी राहून हे वाचतेय. म्हणते, "माकडानं बटणाला गंध लावून झेंडूही वाहिला का हो? आज खंडेनवमी, पोरगा नाही, निदान त्याच्या आयुधाची पूजा करू दे, म्हणत तुम्हीच शिंपडलंत ना पाणी!"