सहा नंबरची खाट

सोमवार, १६
आज पुन्हा तीन तास हॉस्पिटलच्या आवारात! ॲम्ब्युलन्सच्या रांगेत आमची पाचवी. पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर आडवा – आत खाट रिकामी नाही, म्हणून तो उतरत नाही आणि तो उतरेपर्यंत आम्ही हलत नाही.

मधेच धावत वर वॉर्डात जाऊन आईला भेटलो. पाय बरा झालाय. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." मी म्हटलं, शनिवारी नेतो. बायकोची आणि माझी दिवसपाळी, त्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. इथे वेळेवर जेवण तरी मिळतं तिला. सहा नंबरची खाट, अगदी खिडकीशी. माझं काय चुकलं?

मंगळवार, १७
चार तास. स्ट्रेचरवर निवृत्त मास्तर. माझा जोडीदार पहिलवान – वजन पंचेचाळीस किलो! – त्याच्याकडून त्यांनी एकोणतिसाचा पाढा पाठ करून घेतला. खाट मिळाल्यावर "सुटलो बुवा!" म्हणाला तो पहिलवान, मास्तर नव्हे.

बुधवार, १८
लिहवत नाही.

सकाळी रांगेत असताना वायरलेसवर कॉल आला. बेकरीवाला, छातीत कळ. गाडीने सात मिनिटांवर! पण आमच्या स्ट्रेचरवर कंबर मोडलेल्या बाई. पुढच्या गाड्यांचंही तेच. कंट्रोल रूममधली मुलगी विचारत राहिली, "कुणी मोकळं आहे का? कुणीतरी बोला ना!" शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडी गेली, पन्नास मिनिटांनी. तोवर सगळं संपलं होतं.

गुरुवार, १९
आज तोंड सुटलंच. खालच्या इमर्जन्सीतल्या सिस्टरवर ओरडलो, "खाटा गेल्या कुठे सगळ्या?"

ती शांतपणे म्हणाली, "वर अकरा जण ठणठणीत बरे होऊन पडलेत. घरचे नेत नाहीत. ते गेल्याशिवाय इथले वर कसे पाठवू?"

"लाज नाही वाटत लोकांना?"

पहिलवान एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागला. त्याला माहीत होतं. माझ्या डोक्यात मात्र गाडीत बसल्यावर उजेड पडला. त्या अकरांतली एक माझी आई.

लाज वाटली. अजून वाटते आहे. त्या बेकरीवाल्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही, तरी डोळ्यांसमोरून हलत नाही. घरी बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "मी पाळी बदलून घेते. आधी विचारायचंस तरी!"

शुक्रवार, २०
रजा टाकली. आईला आणलं. पहिलवान त्याच्या पाळीआधी आला, दोघांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले चढवलं. तिची पिशवी सोमवारपासूनच भरून खाटेखाली ठेवलेली होती.

जिन्यात म्हणाली, "रोज खिडकीतून तुझी गाडी दिसायची रे. तासन् तास उभी. मला वाटायचं, मलाच न्यायला थांबलायस."