कंपनीचा दहावा

तीर्थस्वरूप दिगूकाकांच्या चरणी पुतण्या ढुंढिराजचा साष्टांग नमस्कार. रामकुंडाच्या पायऱ्यांनी तुमचे गुडघे धरलेत असं कळलं. (लोकांच्या पितरांना पोचवता पोचवता गुडघेच मागे राहिले म्हणायचे.) स्वयंपाकाच्या गोजराबाईंच्या हाती मलम आणि हे पत्र देतोय. इकडे सगळे खुशाल, म्हणजे तुमची सून उत्तरा खुशाल आहे.

विचारायचं असं की, कंपनीचा दहावा करतात का? सिन्नरची ती बादल्यांची कंपनी बुडाली आणि न्यायाधिकरणाने मला तिचा अवसायक नेमलं. (तेव्हा तुम्ही पेढे मागितले होते.) अवसायकाने मालमत्ता ताब्यात घ्यायची, विकायची, देणी भागवायची आणि शेवटचा अहवाल देऊन कंपनीला कायद्याने संपवायचं. मी सगळं केलं, अहवाल तेवढा राहिला. आज देऊ, उद्या देऊ करत फाइल दोन वर्षं कपाटावर बसली. आता नोटीस आलीय: चौदा दिवसांत अहवाल द्या, नाहीतर परवाना जाईल. शिवाय कंपनी विसर्जित होईपर्यंत अवसायकाची सुटका नाही.

नोटिशीला मी एक वेळ तोंड देईन. पण तिथला वॉचमन गोरक्ष सांगतो की हजेरीच्या कार्डांवर अजून रोज शिक्के उमटतात, आठला आत, पाचला बाहेर. शिक्क्याचं मशीन मीच भंगारात विकलंय! भर दुपारी जाऊन पाहिलं. एकशे बारा कार्डं, एकालाही उशीर नाही. (कंपनी जिवंत असताना ही शिस्त कुठे गेली होती?) हसायला गेलो, तर शाई अंगठ्याला लागली. ओली होती. गोरक्ष म्हणाला, "साहेब, तुमी क्रियेला बसले अन् दहावा केलाच नाय. मंग ती जाईल कुठं?"

तेव्हा काका, पिंड ठेवताना गोत्र कोणतं सांगायचं? नोंदणी क्रमांक चालेल का? कावळा शिवेना, तर 'अहवाल देतो' असा शब्द द्यायला मी तयार आहे.

आपला,
ढुंढिराज

ता. क. दहाव्याचं निमित्त होतं. अहवालाला लागणारी रजिस्टरं हजेरीच्याच खोलीत आहेत आणि मला एकट्याला आत जायची भीती वाटते. गुरुवारी सोबत या. उत्तराला सांगू नका.

ता. क. २. पाकीट चिकटवताना गोरक्षने फोटो पाठवला. एकशे तेरावं कार्ड आलंय, माझ्या नावाचं. सकाळी आठला मी घरी दाढी करत होतो, कार्डावर मात्र आत गेल्याचा शिक्का आहे. आता सात वाजलेत. बाकी सगळे पाचला सुटले, माझा बाहेरचा रकाना कोरा आहे. काका, गुरुवार नको. उद्याच या.