गाण्याला एक लाख श्रोते

चिखली, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस,
दीक्षाचा स. जयभीम.

फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. तुमच्या पिंपरीच्या कंपनीतल्या भोंग्यावर केलेलं माझं गाणं महिन्यापूर्वी ॲपवर टाकलं. आतापर्यंत एक्केचाळीस वेळा ऐकलं गेलं. त्यातल्या तीस वेळा मी आणि धाकट्या आयुषने. हल्ली नुसतं गाणं करून भागत नाही, त्यातले पंधरा सेकंद कापून रील करावी लागते. आयुषने गच्चीवर माझी रील काढली. खाली तीन कमेंट आल्या. दोघांनी मागची पाण्याची टाकी कुठून घेतली ते विचारलंय. तिसरी आईची.

तळवड्यात आमच्या ऑफिसजवळ पिंटू म्हणून एक जण आहे. पैसे घेऊन आठवड्यात श्रोते आणून देतो म्हणे. कुठून, विचारलं तर म्हणाला, ते आमच्यावर सोडा मॅडम.

माया आहे तशीच राहू द्या.

दीक्षा

नांदेड, १५ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा हिस,
भिवा आजोबांचा जयभीम व अ. उ. आ.

तुझ्या काकाच्या फोनवर गाणं दोनदा ऐकलं. म्हणजे आता त्रेचाळीस. भोंगा बरोबर धरलास, फक्त आमचा जरा जाड आवाजाचा होता.

दापोडीत आमच्या गायन पार्टीचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा समोर नऊ माणसं होती. त्यातली चार मंडपवाल्याची, सतरंज्या गुंडाळायला थांबलेली. आम्ही तीन तास गायलो. त्यांना जाता आलं नाही. पिंटूला विचार, त्याचे श्रोते बसून ऐकतात का.

जेवण वेळेवर करावे आणि म्हाताऱ्याला विसरू नये.

भिवा

चिखली, २ मार्च २०२५

ती. आजोबांस,
स. जयभीम.

एक लाख चार हजार! आकड्याचा फोटो छापून सोबत पाठवलाय. बरेचसे श्रोते परदेशातल्या एकाच गावचे आहेत. ऑफिसात केक कापला. आमच्या योगिनी मॅडमना आजवर माझं नाव दीपा वाटत होतं, त्यांनी भाषण केलं.

घाईत आहे. लोभ धरून ठेवा.

दीक्षा

नांदेड, १० मार्च २०२५

चि. दीक्षा हिस,
जयभीम व अ. उ. आ.

फोटो विहारात लावला आणि पेढे वाटले. धोंडीबाने विचारलं, त्या गावात सगळ्यांना मराठी येतं का. मी म्हणालो, गाण्याला भाषा लागत नाही. म्हणालो खरा, पण ते डोक्यात राहिलं. लाख माणसांनी ऐकलं आणि एकानेही खोट काढली नाही? दापोडीत असं कधी झालं नाही. त्यांच्यातल्या एकाचा पत्ता पाठव. आभाराचं पत्र टाकतो.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून आहे.

भिवा

चिखली, १७ मार्च २०२५

ती. आजोबांस,
स. जयभीम.

पत्ता नाही. माणसंच नाहीत. पिंटू मशीनवर गाणं वाजवत ठेवत होता. ॲपवाल्यांनी ते पकडलं आणि गाणंच काढून टाकलं. लाखाबरोबर तुमचे दोनही गेले.

खरं सांगते, मला आधीपासून शंका होती. केक कापतानाही होती. तरी सकाळी उठले की आधी आकडा बघायचे, आणि बरं वाटायचं.

विहारात कुणाला सांगू नका. मला रागवा, पण पत्राने रागवा.

दीक्षा

नांदेड, २४ मार्च २०२५

चि. दीक्षा हिस,
जयभीम व अ. उ. आ.

विहारात सांगितलं. पेढे मी वाटले, तर खरंही मीच सांगायला हवं. काल वंदना झाल्यावर उभा राहिलो. म्हणालो, लाख श्रोते खोटे निघाले, नातीची चूक झाली, आणि तिने ती स्वतः लिहून कळवली. मग धोंडीबा म्हणाला, गाणं तरी खरं आहे का?

ॲपवर काही उरलं नव्हतं. मी पाठ होतं तसं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला बायकांनी टाळ्या धरल्या. साहेबराव मात्र मध्येच उठून गेले. वाटलं, पसंत पडलं नाही. नंतर बघतो तर बाहेर चपलांपाशी डोळे पुसत होते. इथली मिल बंद पडल्यापासून भोंगा ऐकला नव्हता म्हणाले. मग आत येऊन, भोंगा एवढा बारीक नसतो, हेही म्हणाले.

चौदा एप्रिलला विहारासमोर तुझं गाणं ठेवलं आहे. दोन दिवस आधी ये. एक अडचण आहे. तिसरं कडवं मला आठवेना, तेव्हा मी माझ्या मनाचं घातलं. लोकांनी तेच पुन्हा पुन्हा म्हणायला लावून पाठ केलंय. ते काढायचं असेल तर त्यांना तू सांग. मला जमणार नाही.

राग नाही. वाट पाहतो.

भिवा