नळाखालची डबी

मंगळवार, सांजच्याला

आज नळाची पाळी, अन् पाणी अजून नाय. उद्या सूनबाई तान्ह्या लेकराला घेऊन येतीय अन् ड्रम तळाला गेलाय. बाळंतिणीला आंघोळीला काय देऊ?

नळ अंगणातल्या खड्ड्यात, माझे गुडघे वाकत नायत. म्हणून माझ्या लेकानं, सुनीलनं तिथं स्वस्तातली सेन्सरची डबी ठेवली. ती भिजली की निरोप पुण्याला त्याच्या मोबाइलवर, मग त्याचा मला फोन. पाणी पैठणहून येतं अन् खबर पुण्याहून!

मघाशी जीव राहिना. डबी जित्ती हाय का बघावं म्हणून वरून तांब्याभर पाणी ओतलं. लगेच फोन. "आई, पाणी आलं, मोटर लाव!"

"गप रे, तुझी परीक्षा घेतली."

लई चिडला. "मी मीटिंगला चाललो. आता फोन बंद!"

आता खरंच आलं तर? कशीबशी वाकून डबी पदरानं पुसली, तरी वलीच वाटती. वली डबी पुन्हा कळवंल का?

शेवटी शेजारच्या सुमनबाईला सांगून आले, "तुमच्याकडं आलं की भिंत ठोका."

"अन् तुमची मशीन?"

"ती चुगल्या फक्त लेकाला सांगती."

ती हसली. मला नाय आलं हसू. भिंतीला पाठ लावून बसलेय.