ऑटोमॅटिक प्रसिद्धीप्रमुख

१३ एप्रिल, रविवार
समाज मंडळाचा प्रसिद्धीप्रमुख होऊन वर्ष झाले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी वधू-वरांचे बायोडाटा समाजाच्या पेजवर टाकायचे. फोटो शोधा, मजकूर पेस्ट करा, कुणाचे शिक्षण चुकले म्हणून शिव्या खा. आज ठरवले. यापुढे हाताने एकही पोस्ट टाकायची नाही. सगळे स्प्रेडशीटमध्ये भरायचे. तारीख, वेळ, मजकूर, फोटो. एका वेबसाइटला शीट जोडली की पोस्ट आपोआप जातात. व्हिडिओ पाहिला, सोपे आहे. वाचलेल्या वेळात फिरायला जाणार. पोट कमी करणार.

ज्योत्स्नाला समजावून सांगितले. म्हणे, ते होईल तवा होईल, आधी दुकानाच्या शटरले ग्रीस लावा. बायकोला व्हिजन नाही.

१७ एप्रिल
जमले. फिरायला जाणे नाही, शीट जमली. रांग संपली की पुन्हा पहिल्या नावापासून सुरू, ही माझी स्वतःची कल्पना. शेवटचा कॉलम ‘जमले’. तिथे ‘हो’ लिहिले की त्या मुलाची किंवा मुलीची पोस्ट बंद.

आमच्या रोशनीचा बायोडाटाही आहे. ‘सरकारी नोकरीवालाच पाहिजे, व्यावसायिकांनी कृपया संपर्क करू नये.’ हे वाक्य काढा म्हणून ती मागे लागली होती. मी काढले नाही. बापाला लांबचे दिसते.

२० एप्रिल, रविवार
पुलगावचे सदाशिवराव मुलाला घेऊन आले. मुलगा कार्तिक. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे. म्हणजे व्यावसायिकच. पण ओळखीतून आलेले स्थळ, नाही कसे म्हणणार? रोशनी त्याच्याशी अंगणात बराच वेळ बोलत होती. ती अशी हसताना मी पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती. जाताना सदाशिवराव म्हणाले, पोरगी आता आमची झाली, हेमराजभाऊ. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ४ मेला आमच्याच घरी, इथे कारंज्याला करायचे ठरले.

‘हो’ लिहायला शीट उघडली. मग थांबलो. कुंकू लागायच्या आधी जमले म्हणू नये, नजर लागते. आमच्याकडे सगळेच पाळतात. शिवाय पोस्टला प्रतिसाद फार चांगला आहे. शिवाय आणखी काही नाही.

२६ एप्रिल
एका तलाठी मुलाच्या काकांचा फोन. पोस्ट पाहिली म्हणाले, पोरीचं जमलं का? मी म्हणालो, साधारण. ‘साधारण’ हा काही खोटा शब्द नाही. कुणाला दुखवायचे नाही हा माझा स्वभाव.

ज्योत्स्नाने ऐकले. जेवताना ताट माझ्यापुढे आपटले. वाढले मात्र सगळे.

३ मे
साड्या आल्या. आचारी ठरला. मांडव उभा राहिला. शीटकडे कित्येक दिवसांत पाहिलेसुद्धा नाही. ऑटोमेशनची हीच तर मजा आहे.

४ मे, दुपार
सकाळी पोस्ट गेली. रोशनीचा फोटो. सरकारी नोकरीवालाच पाहिजे. व्यावसायिकांनी संपर्क करू नये.

सदाशिवराव सगळ्या पाहुण्यांना घेऊन निघाले होते. आर्वीला चहाला थांबले, तिथून फोन. म्हणाले, हेमराजभाऊ, चहा पिऊन राह्यलो, तुमची जाहिरात वाचून राह्यलो. मी म्हणालो, ते ऑटोमॅटिक आहे. ते म्हणाले, भरलं कोनं? मी म्हणालो, रेंज नाही, ऐकू येत नाही. रेंज होती.

ते आर्वीहूनच परत गेले. तोवर पुऱ्या तळून झाल्या होत्या. गल्लीने जेवून घेतले. रोशनीने साडी बदलली आणि भांडी घासायला बसली. आचाऱ्याची माणसे होती, तरी.

४ मे, संध्याकाळ
रोशनीच्या नावापुढे ‘हो’ लिहिले. कधीतरी लिहायचेच होते.

५ मे
जाहीर माफीची पोस्ट तयार केली. ‘पुलगावचे आदरणीय सदाशिवराव यांची मी मनःपूर्वक क्षमा मागतो.’ भाषा उत्तम उतरली आहे. हाताने टाकणार होतो, पण सकाळी सातला लोक जास्त पाहतात. शीटमध्ये टाकली, पहिल्या ओळीत, तारखेच्या जागी ‘रोज’ लिहून. रोज जाईल. एकदा नजरचुकीने राहिली तर दुसऱ्या दिवशी दिसेल.

८ मे
रोज जात आहे. ज्यांना काही माहीत नव्हते त्यांनाही आता माहीत झाले. मंडळाचे अध्यक्ष ओमप्रकाशजी यांचा फोन. काऊन जी, रोज माफी मागून राह्यले? लोक मले इचारतात, यानं केलं तरी काय? बंद करतो म्हणालो. पोस्ट बंद करण्याचा व्हिडिओ पाहत आहे. इंग्रजीत आहे.

११ मे, रविवार
माफी काल बंद झाली. आज घरी न सांगता पुलगावला गेलो. सदाशिवराव भेटले नाहीत. कार्तिक दुकानात मोटारीला तार गुंडाळत होता. उठला, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी मशीनचा दोष समजावून सांगू लागलो. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, काकाजी, पोस्टचं मले काई वाटलं नाई. मी बाबांले तसंच म्हटलं. पण तलाठ्याच्या काकाले तुम्ही साधारण म्हटलं ना? त्यानंच सांगितलं आमाले. ते तं मशीननं नाई म्हटलं.

चहा तसाच राहिला. परतीच्या बसमध्ये उत्तर शोधत होतो. पोरगा चांगला आहे, एवढेच सापडले.

१८ मे, रविवार
पेजच्या इनबॉक्समध्ये सदाशिवरावांचा मेसेज. ‘मा. प्रसिद्धीप्रमुख, सोबत चि. कार्तिकचा बायोडाटा. कृपया प्रसिद्ध करावा.’ खाली आपला नम्र. नियमाने नाही म्हणता येत नाही.

शीट उघडली. वाटले, अगदी शेवटी टाकावा. पंधरा-वीस दिवसांनी जाईल, आपल्या घरात कुणाला कळणारही नाही. रोशनी मागे उभी होती. वाचले तिने. म्हणाली, द्या इकडे, मी टाकते.

तिने पोस्ट हाताने टाकायला घेतली. फोटोत त्याचे डोके वर कापले जात होते, ते नीट केले. ‘मोटार दुरुस्ती’ लिहिले होते, त्यापुढे ‘स्वतःचे दुकान’ असे जोडले. दोनदा वाचून पाहिले. मग पोस्ट केले आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

मला रडू आले. बेटा, मी काही करू का, असे विचारले. ती म्हणाली, नका बाबा. आता तुम्ही काही करू नका.