लग्नाआधीचे दोन आठवडे

नाशिकरोड

प्रिय सरिताताईस,

सप्रेम जयभीम. तुझा खोकला गेला का? भाऊजींची रात्रपाळी संपली का? इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे आज आहोत, मंगळवारी नव्हतो. फोनच केला असता, पण या घरात फोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं (आणि सगळे मध्येच दुरुस्त्या सुचवतात), म्हणून पत्र.

तर ताई, तू मावशी होणार आहेस. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी तपासून चिठ्ठी दिली आणि धम्मपालनं घरी येऊन ती सगळ्यांसमोर बातम्या देतात तशा आवाजात वाचली, "आठ आठवडे!" आई (म्हणजे माझ्या सासूबाई) साखरेचा डबा काढायला उठल्या, तेवढ्यात भगूरहून आलेल्या आत्याबाई बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. आमच्या लग्नाला झालेत सहा आठवडे. आत्याबाईंचा अंगठा पुन्हा पुन्हा त्याच पेरावर येऊन अडत होता. मला सावरायला म्हणून धम्मपाल म्हणाला, "डॉक्टरांची चूक असेल," आणि मग त्यानं माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघितलं, की त्यालाच कुणीतरी सावरायला हवं होतं. माझं काहीही चुकलेलं नव्हतं, तरी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले (निमित्त म्हणून कांदा चिरायला घेतला होता).

इथून पुढे आईंचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्यांनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. गॅस बंद केला, चपला घातल्या, माझा हात धरला आणि रिक्षानं परत दवाखान्यात. बाहेरच्या बायका "नंबर, नंबर" ओरडत असताना थेट आत! डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की गर्भ नेमका कधी राहिला ते कळत नाही, म्हणून शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पहिले दोनेक आठवडे पोटात काही नसतंच.

"म्हंजे बाळ नाय, तरी बाळाचे दोन आठवडे?"

"हो."

"मग चिठ्ठीवर तसं लिहा की बाई! पोरगी केवढी रडलीय."

घरी येऊन आईंनी आत्याबाईंना समोर बसवलं आणि 'पाळी' हा शब्द इतक्या खणखणीत आवाजात उच्चारला, की धम्मपाल गाडी पुसायला खाली पळाला. तरी आत्याबाईंचा अंगठा थांबेना. तेव्हा आई म्हणाल्या, "अक्का, तुमचा राजू सातव्या महिन्यात झाला, चांगला साडेतीन किलोचा. तवा मी बोटं मोजली का?"

आत्याबाईंनी चहा मागितला. जाताना माझ्या डोक्यावरून हातही फिरवला. धम्मपालनं माझी माफी मागितली (दोनदा, पहिली आईंना ऐकू आली नव्हती). ताई, बाबांनी मुलाची चौकशी किती ठिकाणी केली होती! सासूची कुणीच केली नाही, आणि खरं नशीब तिथंच निघालं.

तुझी,
चैताली

ता. क. – पत्राचं खरं कारण असं, की बाबांना अजून सांगितलेलं नाही. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, लगेच वजाबाकी करेल. तू तिथं त्यांच्या जवळच आहेस, तूच सांग ना. आधी पाळीचं सांग, मग आठवडे.

दुसरा ता. क. – राहू दे. आईंनी पत्र वाचलं. "सरिताला कशाला तरास, मीच सांगते," म्हणाल्या. रविवारी सकाळच्या एसटीनं सिन्नरला पोचतील. बाबांना घरीच थांबव. शेजाऱ्यांना मात्र कुठंतरी पाठव.